कमानीला बांधलेला विहिरीचा दोर

मंडळी, आज सकाळी आपल्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीत पाण्याचा टँकर आला आणि गेटवरूनच परत गेला. पाण्याचा प्रश्न सोडवायला आपले नगरसेवक भाऊ येणार म्हणून गेटला स्वागताची कमान बांधलीय. तिच्याखालून टँकर जाईना.

मला हसूच आलं. माझं वय एकोणऐंशी. ही कमान मी आधीही पाहिलीय.

पन्नासच्या दशकात आमच्या महाळुंग्यात आताचे कारखाने नव्हते, एक विहीर होती, तीही आटत चाललेली. गाळ काढायचा सोडून गडीमाणसं कमान बांधत बसली, कारण तालुक्याचे साहेब येऊन नवी विहीर देणार होते. दोर कमी पडला म्हणून विहिरीचाच दोर नेला. आम्ही पोरी झेंडूची फुलं घेऊन उभ्या, घागरी रिकाम्या. पण छान वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

दुपार टळली. साहेब निघालेत, एवढाच निरोप पुन्हापुन्हा येत होता. शेवटी आई उठली आणि कमानीचा दोर सोडायला लागली.

पाटील म्हणाले, "वैनी, सायेब आलं तर?"

"आलं तर त्यास्नी बी पानी लागंलच की."

त्या दोरानं आईनं काढलेल्या पाण्याची चव अजून जिभेवर आहे.

मघाशी मी आपल्या कमानीची दोरी सोडायला गेले. सेक्रेटरी म्हणाले, "आजी, थांबा, भाऊ निघालेत."

खालची गाठ मी सोडलीय. वरच्या गाठीला हात पोचत नाही. स्टूल घेऊन कुणी खाली येतंय का?