मामांचं बसणं

एक दिवस सोडला तर शेवटची काही वर्षं मामांना बसलेलं कुणी पाहिलं नाही. पारावर, चहाच्या टपरीवर, सोयऱ्याच्या ओसरीवर, जिथं जावं तिथं मामा उभे. डाव्या हातानं धोतराच्या निऱ्या जरा पुढं ओढून धरलेल्या, कापड अंगाला लागू नये म्हणून. एसटीत निम्मी बाकडी रिकामी असली तरी दांडा धरून उभेच. कंडक्टरनं बसायला सांगितलं की म्हणायचे, "मला खडंच बरं हाय, तुमी तिकीट फाडा." गर्दी असली की लोकांना वाटायचं, काय भला म्हातारा आहे, पोरीबाळींना जागा देतो. हे कौतुक फुकटचं होतं, पण मामा ते हसून घ्यायचे. मामा जाऊन आता वर्ष होत आलं.

आमचं गाव जवळा बाजार या मोठ्या गावापासून जरा आत. मामा वरच्या आळीतले शेतकरी आणि माझे वडील बौद्धवाड्यातले गवंडी. दोघं एका वर्गात शिकले आणि एकाच वर्षी शाळेतून पळाले, म्हणून दोस्ती. माझ्या आईला त्यांनी बहीण मानलं, म्हणून ते आमचे मामा. तरुणपणी ते पहिल्यांदा आमच्या पंगतीला येऊन बसले तेव्हा त्यांच्या भावकीनं तोंडं वाकडी केली. मामा म्हणाले, "भाकर कुणाच्या तव्यावरची, ते पोट इचारीत न्हाई." त्यानंतर आमच्या वस्तीत लग्न असो, बारसं असो, जयंतीचं जेवण असो, वडिलांच्या शेजारची जागा मामांची. दुसरं कुणी चुकून बसलंच तर वडील त्याला सरकवायचे.

आणि काय बसायचे! ऐसपैस मांडी घालून, धोतर सावरून, जणू आता उठायचंच नाही. पंगतीतला शेवटचा माणूस हात धुवायला उठेपर्यंत हा गडी हलायचा नाही. आमच्याकडे एक बोळकी म्हातारी होती, तिला एक पुरी संपवायला अर्धी दुपार लागायची. सगळे चुळबुळ करायचे आणि मामा लांबून हाळी द्यायचे, "सावकाश होऊ द्या आजी, म्या हाय बसलेला." आधी उठणं म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडातला घास काढणं, असं त्यांचं म्हणणं.

सोयाबीनची पोती ट्रॉलीत टाकताना त्यांच्या जांघेत गाठ आली. हर्निया. पहिल्यांदा फडकं बांधून दिवस काढले, मग मुलांनी धरून शहरात नेलं. ऑपरेशन झालं, आत जाळी बसवली, टाके सुकले. डॉक्टर म्हणाले, झकास. झकास काहीच नव्हतं. गाठ गेली आणि तिच्या जागी आग आली. "आत कुणी इस्तू ठेवल्यागत व्हतंय," मामा म्हणायचे. चालताना निभायचं, उभं राहिलं की सोसायचं, पण मांडी दुमडली की डोळ्यांपुढं अंधारी. पुन्हा दाखवलं तेव्हा कळलं की कुठलीशी नस दुखावली आहे. "हळूहळू बराबर होईल म्हणला डाक्टर. हळूहळू म्हंजे कवा, ते त्यानं सांगितलं न्हाई अन् म्या इचारलं न्हाई."

अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी म्हण आहे. मामांना डॉक्टर जावई नव्हता, पण अख्खं गाव होतं. गावाला जांघ कशी सांगायची? त्यांनी सांगितलं, कंबर धरली. मग काय, बिब्बा काय, तेल काय, एकानं तर पाठीवर पाय देऊन उभं राहायची तयारी दाखवली. काही महिन्यांनी उपाय संपले आणि टोमणे सुरू झाले. टाके सुकले, गडी रोज शेतात जातोय, मग दुखतंय कुठं? दुखण्यापेक्षा हे ऐकून घेणं जड जात असेल.

त्याच वर्षी माझं लग्न झालं. पंगत मांडली, वडिलांच्या शेजारचं पान रिकामं ठेवलं. मामा म्हणाले, "तुमी बसा, मी वाढतो." वडिलांना ती थट्टा वाटली. मामा कधी वाढायला राहिले होते? "बस की मुकाट्यानं," म्हणत त्यांनी मामांचा हात धरून खाली ओढलं. मामांचा गुडघा दुमडला आणि त्यांनी हिसका देऊन हात सोडवला. "न्हाई बसत म्हणलं ना!" असे ओरडले की वाजंत्रीवालेही थांबले. मी नवरीच्या खुर्चीतून पाहत होते. मामांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण तो पाहिला कुणी? सगळे रिकाम्या पानाकडं बघत होते. मामा न जेवता गेले.

आमच्या पंगतीत न बसण्याचा अर्थ आमच्या लोकांना कुणी शिकवावा लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तोच एक अर्थ आम्ही पाहिलेला. "म्हातारपणी जात आठवली," कुणीतरी म्हणालं आणि वडिलांनी ते खोडून काढलं नाही. पुढं खुरपणीला मामींनी आईच्या कानात खरं काय ते सांगितलं. आईनं घरी येऊन वडिलांना सांगितलं. वडील म्हणाले, "जवळा बाजारापतोर पायी जातो त्यो, अन् मांडी घालता येत न्हाई? ऑपरेशन कवाच झालं. काहून त्याची बाजू घेतीस?" वडील वाईट नव्हते. मामांना लागलेलं दिसलं नाही, एवढंच. आणि त्यांना स्वतःला लागलेलं तेवढं दिसत होतं.

त्यानंतर दोघांनी बोलणं टाकलं. मी माहेरी आले की मामा आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे राहायचे, माझ्या लेकराच्या हातात बोरं नाहीतर हरभऱ्याचा डहाळा द्यायचे आणि विचारायचे, "बाप बरा हाय ना?" वडील आतून ऐकायचे. बाहेर यायचे नाहीत. असं वर्षानुवर्षं चाललं आणि एका सकाळी वडील कामावर निघाले ते दारातच कोसळले.

वडिलांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्याकडच्या दिवसकार्याला, बुद्धवंदना झाली, पानं मांडली. मामा मंडपात आले आणि कुणाशी न बोलता पहिल्या ओळीत गेले. मंडपाचा खांब धरून हळूहळू खाली उतरले आणि मांडी घालून बसले. शेजारची जागा त्यांनी हातानं दाखवली, इथं कुणी बसू नका. मी वाढत वाढत त्यांच्यापुढं आले तर कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. मी म्हटलं, "मामा, उठा. उभ्यानं जेवा, कुणी काही म्हणत नाही." ते दात आवळून म्हणाले, "वाढ तू." पंगत मोठी होती, लोक निवांत जेवत होते. मला एकेकाच्या पुढ्यातलं पान ओढून घ्यावंसं वाटत होतं.

सगळे उठले तेव्हा मामांना उठता येईना. मी आणि भावानं काखेत हात घालून त्यांना उभं केलं. भाऊ लहान लेकरासारखा रडत होता. आई म्हणाली, "दादा, आज तुमी बसलात. त्यांना कळलं असंल."

मामांनी डोळे पुसले. "मेल्यावर कळून काय करतंय, माय," ते म्हणाले. "जित्तेपणी कळाया पायजे व्हतं."