रेशनकार्डाच्या बावीस प्रती

दुसऱ्याच्या मनात डोकावल्याशिवाय ज्याला सकाळचा चहा गोड लागत नाही असा माणूस साऱ्या रायगड जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्याच पडवीशेजारच्या खोलीत भाड्याने राहिला. मांडव्याला लाँचमधून उतरून तो आमच्या गावी आला तेव्हा सामान म्हणजे दोन बॅगा, एक भिंतीवरचं घड्याळ आणि एक भलामोठा तक्ता. तक्त्यावर चाळीस गोल चेहरे आणि प्रत्येकाखाली एकेका भावनेचं नाव. "यातलं आज तुम्हाला काय वाटतंय, काका?" हा त्याचा मला पहिला प्रश्न. मी म्हटलं, "आम्हा वाडीवाल्यांना दोन पुरतात, राग आणि भूक. उरलेल्या अडतीस मुंबईला परत पाठवा." तो हसला नाही, त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं. असली माणसं पहिल्यापासून माझ्या डोक्यात जातात.

'बरं' या शब्दाचं त्याला वावडं होतं. कसं काय, बरं आहे, एवढ्यावर आपला सगळा शेजारधर्म चालतो. हा म्हणायचा, "बरं ही भावना नव्हे." एकदा कोळणीने दारात टोपली उतरवली तर तिला विचारतो, "ताई, तुमच्या आवाजात राग आहे. कुणावरचा?" ती म्हणाली, "तुज्यावर! बोंबील घ्यायचं असतील तं घे, न्हाय तं वाट मोकली कर!" याने तिचे मनापासून आभार मानले. शिवाय ते घड्याळ. कुणाशीही बोलणं पन्नास मिनिटं, एक्कावन्नावं नाही. आमच्याकडे सत्यनारायणाला आला, पन्नास मिनिटं भरली तशी भर कथेत हात जोडून उठला आणि म्हणाला, "आज इथं थांबू या." सवयीने म्हणाला असेल, पण भटजी खरोखरच थांबले. पोथीचं पान पुन्हा सापडेपर्यंत शिरा निवून गेला.

'मानसोपचार आणि समुपदेशन, वेळ पन्नास मिनिटे' अशी पाटी त्याने लावली आणि तीन महिने तिच्याखाली माझ्या मांजराखेरीज कुणी बसलं नाही. बसणार कोण? एकाची स्कूटर त्या पाटीखाली पंक्चर झाली आणि तासभर तिथंच उभी राहिली, तर वेड्याचं घराणं म्हणून त्याच्या मुलीचं जमलेलं लग्न मोडायची वेळ आली. मला मनातून गुदगुल्या होत होत्या. मग या पठ्ठ्याने एक जुनं मशीन आणलं, पाटी उतरवली आणि 'झेरॉक्स काढून मिळेल' अशी दुसरी टांगली. आठवड्याभरात रांग लागली! हातात एक कागद घ्यायचा, आत जायचं, पन्नास मिनिटांनी डोळे पुसत बाहेर यायचं. कुणी विचारलं तर, "झेरॉक्सला गेल्तो." एका कागदाला पन्नास मिनिटं लागतात हे साऱ्या गावाला पटलं. लोकांना रडायलाही आडोसा लागतो, आणि तो माझ्या खोलीत मिळतोय, याची मी पारावर यथेच्छ टिंगल केली.

टिंगल करायला मला सवड होती, कारण घरात बोलायला काही उरलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी आमच्या एकुलत्या एका निखिलने नारळाची वाडी बघायची नाही, मस्कतला नोकरी धरतो, म्हणून सांगितलं. मी म्हटलं, "गेलास तर या घरात तुझं नाव निघणार नाही." तो गेला. नाव निघालं नाही. बायको हळूहळू जेवणातून उठली, मग बोलण्यातून. मी म्हणायचो, वयाचं असतं.

एका दुपारी विम्याची पावती शोधताना कपाटात कागदांची चळत सापडली. रेशनकार्डाच्या झेरॉक्स, एकूण बावीस. ही दर गुरुवारी 'रेशनवाला कागद मागतो' म्हणून कार्ड घेऊन जाते हे मला ठाऊक होतं. पण बावीस? प्रत्येक प्रतीवर तीन नावं होती, माझं, तिचं आणि तिसरं निखिलचं. ज्या घरात ते नाव काढायची बंदी होती, त्याच घरात ते बावीस वेळा छापून ठेवलेलं होतं. मी तरातरा त्याच्या खोलीत गेलो आणि ओरडलो, "काय सांगते ती तुम्हाला?"

तो शांतपणे म्हणाला, "काका, मूळ कागद मी ठेवून घेत नाही. तो तुमच्या घरातच असतो. तिथं विचारा."

तिला विचारायचा धीर मला झाला नाही. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटत होती. दुसऱ्या दिवशी कार्ड घेऊन मीच त्याच्यापुढे बसलो. "किती प्रती?" त्याने विचारलं. मला 'एक' म्हणायचं होतं. तोंडून निघालं, "निखिल." पुढे किती वेळ गेला ते त्या घड्याळाला ठाऊक, त्याने तिकडे पाहिलं नाही. निघताना तेवढं म्हणाला, "आता हेच घरी म्हणा." रात्री ताटावर बसलो आणि म्हटलं. बायकोने भात वाढता वाढता हात थांबवला, मग स्वतःचं ताट वाढून घेऊन माझ्यासमोर बसली.

गेल्या वर्षी तो भाडेकरू आला तसाच मांडव्याहून लाँचने परत गेला. तक्ता आणि मशीन मागे ठेवून गेला; दोन्हींचा मला उपयोग नाही. निखिल अजून आलेला नाही. आता दर रविवारी त्याचा फोन येतो, तो मी तिच्या आधी उचलतो आणि विचारतो, "कसं काय?" तो म्हणतो, "बरं आहे, बाबा." तेव्हा वाटतं, तो माणूस पलीकडच्या खोलीत हवा होता. खोलीसाठी लोक विचारायला येतात. मी सांगतो, रिकामी नाही.