दोन डाव्या बाह्या

माझी आत्या वीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात होती. तिथे रोज संध्याकाळी चिंध्यांची पोती भरून बाहेर जायची. हातभर लांबीचे धड तुकडेही त्यातच. तिचा जीव तुटायचा. म्हणून घरी शिलाई सुरू केल्यावर तिने ठरवलं, आपल्या हातून कापड वाया जाणार नाही.

बेतायला मोठं टेबल नव्हतं. ती खोलीभर कापड पसरायची, त्यावर वर्तमानपत्रातून कापलेले पाठ, पुढा, बाह्या, कॉलर यांचे कागद मांडायची आणि तासन्‌तास सरकवत बसायची. बाहीचा गोलवा दुसऱ्या बाहीच्या खाचेत, खिसा मानेच्या कापात. तोवर काका, म्हणजे तिचे यजमान, पाय वर घेऊन खाटेवर बसून राहायचे. "हिचं कापड माणसांपेक्षा जास्त जागा खातं," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

एकदा वरच्या मजल्यावरची सिस्टर निळं, बारीक पांढऱ्या फुलांचं छापील कापड घेऊन आली. वडिलांनी हौसेने आणून दिलेलं. वडील गेल्यावर ते कापड सहा वर्षं कपाटातच होतं. आता तिला नव्या रुग्णालयात नोकरी लागली होती आणि पहिल्या दिवशी त्याचाच ड्रेस घालायचा होता, लांब बाह्यांचा. दोन शिंप्यांनी कापड पुरणार नाही म्हणून परत पाठवलं होतं.

आत्याने आठ दिवस मागून घेतले. सातव्या दिवशी सगळे कागद कापडावर बसले. घडी घालून कापलं तर कापड पुरत नव्हतं, म्हणून तिने ते एकेरी पसरून कापलं. एकेरी कापताना दुसऱ्या बाहीचा कागद उलटा ठेवावा लागतो. नेमकं तेच राहिलं. बाह्या उचलून शेजारी ठेवल्या तेव्हा तिच्या लक्षात आलं, दोन्ही डाव्या होत्या. उरलेल्या कापडात नवी बाही बसणं शक्यच नव्हतं.

त्या रात्री ती जेवायलाही उठली नाही. काकांनी आधी थट्टा करून पाहिली, मग तिचा चेहरा पाहिला. म्हणाले, "जाऊन सांगून ये. मी येऊ का बरोबर?"

दुसरी बाही घेऊन ती एकटीच वर गेली. दारातच तिने सगळं सांगून टाकलं, काही सारवासारव केली नाही. सिस्टर बराच वेळ त्या बाहीवरून हात फिरवत राहिली. मग तिने ती उलटली. मागची बाजू फिकी होती, धुक्यातून दिसावीत तशी फुलं.

"मावशी, उलटी लावली तर उजवी होईल ना ही?"

"होईल. पण फिकी बाजू वर येईल."

"येऊ दे. बाबा दुकानात कापड आधी उलटून बघायचे. हे घेताना म्हणाले होते, मला तर हीच बाजू आवडली."

आत्याने डोळ्यांना पदर लावला आणि तडक खाली आली. कॉलर अजून शिवायची होती. ती तिने फिक्या बाजूने केली, खिसाही तसाच केला, म्हणजे बाही एकटी पडणार नाही. शिवून झालं तेव्हा खाली उरलं ते मूठभर. तेही एका उशीत गेलं.

सिस्टर तो ड्रेस घालून कामाला गेली. पुढच्याच आठवड्यात तिच्याबरोबरच्या दोघीजणी तसाच एका फिक्या बाहीचा ड्रेस हवा म्हणून आल्या. आत्याने शिवून दिले. पण कागद मांडताना ती इतकी घाबरलेली होती, की काकांना खाटेवरून उतरून प्रत्येक बाही डावी की उजवी ते तपासायला लावलं.

हल्ली सुट्टीच्या दिवशी सिस्टर बेतायला शिकायला येते. परवा मी गेले तर ती गुडघ्यांवर बसून कापत होती, आणि आत्या शेजारी शांतपणे चहा पीत होती. कात्री आत्याची, कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेली, जिला कुणी हात लावलेला तिला खपत नाही. मी तिची सख्खी भाची. मला ती अजून मिळालेली नाही.