"तेच हाय म्हना, शेठ"

"शेठ, तुमी फक्त 'तेच हाय' म्हना. पुढचं मी बघतो."

निमगाव सावाचे दत्तूभाऊ माझ्या काउंटरवर वाकून कुजबुजत होते. त्यांची बहीण मालनताई आत माझ्या बायकोपाशी चहा घेत होत्या. दुपारी दोघांना जुन्नरला रजिस्टर ऑफिसात जायचं होतं. वडिलांच्या जमिनीवरचा हक्क ताई भावासाठी सोडणार होत्या. बदल्यात मागितलं काय, तर वडिलांनी जपलेला एडवर्ड राजाचा एक चांदीचा रुपया! दत्तूभाऊंनी तो दिला होता, पण सही करण्याआधी शेठना दाखवायचा, असा ताईंनी हट्ट धरला.

नारायणगावात आमची चांदीची पेढी. जुनी नाणी जमवणं आणि पारखणं हा माझा जोडधंदा. त्यांच्या वडिलांचा रुपया मी नव्वद सालानंतर कधीतरी त्यांच्याच हातात पाहिला होता. प्रूफ होता.

प्रूफ म्हणजे बाजारात चालवायला नव्हे, दाखवायला पाडलेलं दुर्मीळ, महागडं नाणं. ठसा आरशासारखा पॉलिश करायचा, चकती निवडून घ्यायची आणि जास्त दाबानं, एकाहून जास्त वेळा ठोका द्यायचा. या ठोक्याला आम्ही स्ट्राइक म्हणतो. तो नीट बसला की राजाच्या दाढीचा केसन् केस मोजून घ्या.

मी भिंग लावलं. दाढी सपाट. मुकुटातले मणी एकमेकांत मिसळलेले. चालू बाजारातला साधा रुपया होता तो.

ताई बाहेर आल्या. "काय वं शेठ, बाबांचंच न्हवं?"

मी बोलायच्या आत दत्तूभाऊ म्हणाले, "आईनं दर दिवाळीला पूजेत घासलं. चकाकी गेली. नाणं त्येच."

माझं डोकंच फिरलं. "भाऊ, मला काय दुधखुळा समजता? घासून चकाकी जाते, कबूल. वरचा भाग झिजतो, तेही कबूल. पण अक्षराच्या बुडाशी फडकं पोचतं का? प्रूफमध्ये तिथली रेघ सुरीनं कापल्यासारखी असते. इथं बुडालाच गोलाई आहे. घासून गोलाई येत नाही, ती पाडतानाचीच! ताई, हा तुमच्या बाबांचा रुपया नाही."

दत्तूभाऊंचा चेहरा उतरला. पण किती वेळ? "बरं, घरी हाय त्ये. संध्याकाळी आनून देतो. आधी सही उरकू."

म्हणजे पकडला गेला तरी सही हवीच! सख्ख्या बहिणीला फसवायचं, मला त्यात साक्षीदार करायचं, आणि वर घाई! निर्लज्जपणाला काही सीमा?

ताईंनी रुपया काउंटरवर ठेवला. आवाज चढवला नाही.

"ऱ्हाऊ दे दादा. आता शेताचीच वाटनी करू."

"लोक काय म्हनतील? माहेर तुटंल तुझं."

"नाणं बदललंस तवाच तुटलं."

सही झाली नाही. पुढं बरेच खेटे घालून ताईंचं नाव सातबाऱ्यावर लागलं, आणि वाटणीत खरा प्रूफही त्यांच्याकडं आला. दत्तूभाऊ अजून दुकानावरून जाताना मान फिरवतात. फिरवू देत की.

घरचं नाणं पारखायला कुणी बाई आली, की मी भिंग काढण्याआधी विचारतो, "ताई, सही अजून बाकी आहे ना?"