शेपटीकडे जाणारी तार

आज खंडेनवमी, हत्यारं पुजायचा दिवस. सकाळची लिंगपूजा आटोपली आणि वही घेऊन बसले. गेल्या वर्षीचं या दिवसाचं पान कोरंच राहिलंय, ते आज भरते.

आमच्या ह्यांचं नाव मल्लिनाथ. तोंडानं मी घेत नाही, वहीत लिहायला हरकत नाही. मूळचे शिरूर अनंतपाळचे, आयटीआय फिटर. लातुरात एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपात एकोणीस वर्षं मदतनीस होते, तेही टेंपररी. दर जूनला नवी ऑर्डर यायची. ती येईल की नाही, याचा मे महिन्यात भरवसा नसायचा. पोरं ह्यांना मामा म्हणायची. कोणतं मशीन कुठं कुरकुरतंय ते हे दारातूनच सांगायचे, घरात मात्र चार शब्द बोलले तर खूप.

गेल्या वर्षी कॉलेजच्या मुलांनी रिमोटवर उडणारं विमान करायला घेतलं. रुद्रेश सर वर्कशॉपचे प्रमुख. ते घरी येऊन म्हणाले, "मामा, दसऱ्याला संस्थेचे अध्यक्ष येणार आहेत. विमान नीट उडालं की तुमचा कायम नोकरीचा कागद त्यांच्याच हातून घ्यायचा."

ह्यांनी नुसती मान हलवली. त्या दिवसापासून विमान आमच्या पुढच्या खोलीत राहायला आलं.

थर्माकोलचं अंग, पंख दीड-दीड हाताचे, नाकावर गरगर फिरणारा पंखा. पोटात काडेपेटीपेक्षाही लहान मोटर, शेपटीला वरखाली हलणारी पट्टी. मोटरीपासून पट्टीपर्यंत जोडायला तार कोणती, एवढ्यावरच चार दिवस गेले.

"ही साधी बांधायची तार," हे म्हणाले. "ओढली की सरळ येतीय, ढकलली की वाकतीय. तुझ्या भावासारखी."

"माझ्या भावाला कशाला मधी आणायलाव? सायकलची तार घ्या की. ताठ असतीय."

"ताठ हाय, पण लई जड. शेपूट जड झालं की इमान नाक वर करून बसतंय." मग माझ्याकडं बघून हसले. "तुला काय सांगायचं, रोजचंच हाय तुझं."

एवढं मोकळं हसताना मी त्यांना कधी पाहिलं होतं, आठवत नाही.

मुलांनी पुण्याहून प्लास्टिकचे चिमटे मागवले होते, तार अडकवायला. ह्यांनी ते बोटात धरून हलवले आणि बाजूला ठेवले. "केसाएवढी ढिलाई हाय. इथं केसाएवढी, तिकडं शेपटीला बोटभर." शेवटी पोलादाची बारीक तार घेतली. टोकाला पकडीनं दोनदा काटकोनात वळवली, म्हणजे भोकातून निसटायची नाही. बॉलपेनच्या रिकाम्या नळ्या पोटापासून शेपटीपर्यंत चिकटवल्या आणि तार त्यांतून ओवली, म्हणजे ढकलताना वाकायला जागाच नाही. नवमीच्या दुपारी बटण दाबून शंभरदा वरखाली करून पाहिलं.

"आता याला कुणी हात लावायचा न्हाई," म्हणाले. "पूजेलासुद्धा न्हाई. हत्यारांची कर."

मी पकड, कानस, हातोडी पाटावर मांडली. हळदकुंकू वाहिलं, हळदीचा दोरा बांधला. विमान तसंच कोपऱ्यात होतं. ज्याच्यावर घर उभं राहायचं, तेच बिनपूजेचं. माझा जीव राहिना. संध्याकाळी हे दुकानात गेले तेव्हा पोटाचं झाकण उघडलं आणि मोटरीजवळ त्या तारेला दोऱ्याचा एकच वेढा घालून गाठ मारली. म्हटलं, सकाळी उत्तरपूजा झाली की काढीन. बांधलेला दोरा त्याआधी काढत नाहीत आमच्यात.

सकाळी मी अंघोळीला गेले आणि रुद्रेश सरांची गाडी लवकर आली. बाहेर आले तर कोपरा रिकामा.

पुढचं ऐकलेलं. अध्यक्ष घाईत होते. कालच सगळं तपासलंय म्हणून ह्यांनी शेपूट जरासंच हलवून पाहिलं. रिमोट दिपालीच्या हातात होता, तिसऱ्या वर्षाची मुलगी, बिचारी हुशार. विमान वर गेलं, दोन फेऱ्या झाल्या, टाळ्या झाल्या. खाली आणायला तिनं नाक झुकवलं ते झुकलेलंच राहिलं. सरळ तिच्याच अंगावर आलं. पंख्यानं भुवई फाडली. सात टाके. त्या डोळ्यानं तिला अजून धूसर दिसतं.

अध्यक्षांनी विचारलं, "पोरीनं चुकवलं का?"

"न्हाई साहेब," हे म्हणाले. "तार म्या चुकीची निवडली."

कायमचा कागद राहिला बाजूला, जूनची ऑर्डरही आली नाही.

त्या दिवशी घरी येऊन हे भिंतीकडं तोंड करून निजले. दुसऱ्या दिवशी शर्ट भिजवायला घेतला तर खिशात दोऱ्याचा तुकडा. पिवळा, गाठीसकट, चेंगरून चपटा झालेला. ह्यांनी तार ज्या नळीतून ओवली होती, ती मला आठवली. तार मागं ढकलली गेली असेल, तशी माझी गाठ नळीच्या तोंडात घुसून अडकली असेल. मोडलेल्या विमानातून ती ह्यांनीच काढली आणि कुणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून खिशात घालून आणली.

मी तुकडा काढून घेतला आणि शर्ट धुऊन वाळत घातला. दिपालीला बघायला गेले तेव्हा तिच्या आईसमोर तोंड उघडलं, पण फक्त चहा नको म्हणाले. दोरा देवाच्या डबीत ठेवलाय. टाकवत नाही.

आता हे औशाला एका गोदामावर वॉचमन आहेत. शिट्टी आणि बॅटरी, एवढंच सामान.

आज पाट मांडला आणि हळदकुंकू घेऊन तशीच बसून राहिले. पकड, कानस माळ्यावरून काढायचा धीर होईना. हे कामावर निघाले होते, दारातून परत फिरले. बॅटरी पाटावर ठेवली.

"दोरा बांध की," म्हणाले. "हे काय उडत न्हाई."

मी बांधला. गाठ दोनदा सुटली.