नारळावरचं टोपडं

काकी गेल्याचा निरोप मालवणहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरने कणकवलीला आमच्या दारात आणून दिला. मला सातवा महिना. अशा दिवसांत मयताला जायचं नसतं, म्हणून हे एकटेच गेले आणि मी घरी बसून रडले. रडता रडता हसूही आलं... कारण काकी आठवायची म्हणजे आधी तिचा नारळ आठवतो.

ही माझी धाकटी काकी, माहेर आरोंद्याचं. खाडीपलीकडच्या गोव्यातल्या एका बाईकडून ती लहानपणीच क्रोशा शिकून आली होती. वाडीत कुणाचंही बाळ असो, त्याच्या डोक्यावर काकीचं पांढऱ्या सुताचं टोपडं असायचंच. आमच्या घामाच्या हवेत लोकर कोण घालणार! पाच साखळ्यांचं कडं, त्यात बारा खांब, मग दर फेरीला वाढवत जायचं. पण जन्मायच्या आधी डोक्याचं माप कुठून आणणार? त्यासाठी ती सोललेला नारळ घ्यायची, कानाशी धरून हलवायची, आत पाणी वाजलं की म्हणायची, "जितो आसा," म्हणजे जिवंत आहे. त्याच्या माथ्यावर विणकाम नीट बसलं की वाढवणं थांबवून सरळ खाली उतरायचं. मलाही शिकवायला बसली होती. माझं टोपडं वाटीसारखं वाकडं झालं, तेव्हा तिने त्यात लसूण भरून चुलीपाशी ठेवली.

माझं पहिलं बाळ जन्मताच गेलं. दुसऱ्या खेपेला मी माहेरी आले तेव्हा आई इतकी धसकली होती, की बाळासाठी आधी काही म्हणजे काही करायचं नाही, दुपट्यासाठी जुनं लुगडंसुद्धा फाडायचं नाही, अशी तिची सक्त ताकीद. आणि काकी उघड पडवीत बसून विणत होती. आई चिडली तेव्हा शांतपणे म्हणाली, "शेवटची फेरी रवली आसा. मगे टोपडा झाला खंय?" टोपडं पुरं झालंच नाही, तर ताकीद मोडली कुठे! टोपडं एका फेरीने अपुरं, नारळावर चढवलेलं, फळीवर बसून राहिलं.

मग एके दिवशी काका आगबोटीने मुंबईहून आले. ते जहाजावर खलाशी, घरातल्या भानगडी त्यांना काय ठाऊक? बांगड्याच्या आमटीला नारळ हवा म्हणताच त्यांनी टोपडं काढून बाजूला ठेवलं आणि कोयतीने नारळाची दोन शकलं केली. आई भिंतीला टेकून मटकन खालीच बसली. बाळाच्या मापाचा नारळ तो... काकीने मात्र खोबऱ्याचा तुकडा काढून आधी माझ्या तोंडात घातला.

"देवळात आमी काय फोडतंव गो? देवाक गाराणा पोचला. आता खोबरा खावा."

त्या दुपारी काका खाली मान घालून जेवले, पण दोनदा भात मागून घेतला.

मुलगी झाली, रडली ती अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी. काकीने माझ्या बाजेशी बसून शेवटची फेरी पुरी केली आणि टोपडं तिच्या डोक्यावर घातलं. ते थेट नाकापर्यंत उतरलं! नारळच मोठा निवडला होता. आई पदर तोंडाला लावून हसत सुटली. दोन वर्षांनी मी तिला हसताना पाहत होते. ते टोपडं मुलीला बसलं तिच्या पहिल्या वाढदिवसाला.

परवा बाळंतपणासाठी माहेरी आले. काकीच्या फळीवर नारळ, नारळावर या बाळाचं टोपडं, आणि सुई तशीच शेवटच्या फेरीच्या तोंडाशी अडकवलेली. काकी गेल्यापासून महिनाभर आईने त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता, काकांना तर फळीपाशी फिरकूसुद्धा दिलं नव्हतं. आधी काही करू नये म्हणणारी माझी आई!

शेवटची फेरी आता मलाच घालायची आहे, बाळ आल्यावर. वाकडी होईल, होऊ दे. मी आईच्या देखत टोपडं अलगद काढून ठेवलं, नारळ कानाशी धरला आणि हलवला.

जितो आसा.