रावसाहेबांचं इंजिन

कल्हईवाल्याच्या भट्टीतून नवसागराचा धूर उठला की मी अजून नाक दाबून दूर जातो. जव्हार संस्थानच्या काळात मुंबईहून आलेले एक हौशी गृहस्थ जामसरजवळ ओढ्याकाठी पत्र्याच्या छपरीत स्वतःच्या विमानाचं इंजिन घडवत होते. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत आणि मी त्यांच्या भात्यावर कामाला होतो. अ‍ॅल्युमिनियमचे भाग नवसागर लावून झाळून जोडायचे आणि वर साचलेला क्षार तेजाबाने धुऊन काढायचा, असं ते काम. एका दुपारी त्यांनी त्या घाण धुवणाची अख्खी बादली बाहेर ओढ्यातल्या डोहात ओतली. उन्हाळ्यात जवळच्या आदिवासी पाड्याला तेवढंच पाणी उरलं होतं. बघता बघता मासे पांढरी पोटं वर करून तरंगू लागले. तेवढ्यात हंडे घेऊन बाया आल्या. त्यांच्यातली म्हातारी म्हणाली, "भाऊ, आमी हाच पानी पितों." रावसाहेब हात पुसत हसले. "पाऊस येईपर्यंत कळ काढा, बाई. माझं विमान उडू दे, तुमच्या पाड्याचं नाव होईल!" त्या हसण्याची मला शिसारी आली. भाता तिथेच टाकून मी फावडं उचललं आणि बायांबरोबर ओढ्याच्या वरच्या अंगाला वाळूत खड्डा खणू लागलो. गढूळ पाणी झिरपायला लागलं, तोच खाली इंजिन पहिल्यांदा धडधडलं. "ऐकलंत का?" रावसाहेब आनंदाने ओरडले. एकीनेही मान वर केली नाही. मी पुन्हा त्या छपरीत गेलो नाही. आता घरातली माणसं कौतुकाने विचारतात, ते विमान उडालं का? मला ठाऊक नाही. त्या माणसाची इतकी किळस आली होती की मी कधी चौकशीच केली नाही.